वीसपर्यंत

"मोठ्यानं वाच, चॅम्प," बाबा म्हणाले. मुलीनं तलावाच्या शिडीवर कुडकुडत उभं राहून त्यांनी धरलेल्या कागदावरून वाचलं, "मी पंचवीस मीटर सहज पोहते."

ती पोहत नव्हती. या तलावात तिनं अजून तोंडसुद्धा पाण्याखाली घातलं नव्हतं. पण बाबांच्या पद्धतीत ध्येय असंच लिहायचं असतं, ते गाठून झाल्यासारखं. ऑफिसाऑफिसांत जाऊन मोठ्या माणसांना ध्येय गाठायला शिकवणं हाच त्यांचा धंदा. प्लास्टिकमध्ये मढवलेला तो कागद त्यांनीच लिहिला होता, रंगीत बाण आणि रोजच्या प्रगतीचे चौकोन काढून. नऊ वर्षांच्या मुलीकडून खाली फक्त सही घेतली होती, म्हणजे जबाबदारी तिची राहते. सोमवारच्या व्याख्यानात तिचं पोहणं पडद्यावर दाखवणार, असं सांगूनही टाकलं होतं. बाजारात तुरी!

मुलीचं स्वतःचं एक ध्येय होतं. वीस अंक मोजून होईपर्यंत डोकं पाण्याखाली ठेवायचं. घरी बादलीत तिची मजल चारपर्यंत गेली होती. बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले होते.

"बादलीत डोकं घालणं हे काय ध्येय झालं? ध्येय मोजता आलं पाहिजे."

"मी मोजतेच की."

बाबा काठापासून चांगले तीन हात लांब उभे होते, बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून. त्यांना पोहता येत नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण इतकी शब्दशः उभी असलेली पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी पूर्वी पाहिली नव्हती.

मुलगी पाण्यात उतरली आणि तिनं कठडा घट्ट धरला.

"तुला काय करायचंय आज?" बाईंनी हळूच विचारलं.

मुलीनं नाक दाबून दाखवलं. मग म्हणाली, "वीस."

"जा. मी मोजते."

ती खाली गेली. बाबांनी चित्रणासाठी फोन उचलला होता, तो पाचव्या अंकाला खाली केला.

"हे नको, बाई. हे दाखवण्यासारखं नाही. तिला सरळ आडवी करा आणि सोडा."

बाई मोजत राहिल्या. दहा. अकरा. कठड्यावरची मुलीची बोटं पांढरी पडली होती. चौदाला ती थरथरली तेव्हा बाईंनी हात पुढे केला. तो तिनं धरला नाही. एकोणीस. वीस. मग ती वर आली, नाकातोंडात पाणी, खोकला आवरत नव्हता आणि हसूही.

"बाबा! वीस!"

"छान, छान," बाबा घड्याळ बघत म्हणाले. "पण कागदावर काय आहे आपल्या?" त्यांनी खिशातून प्लास्टिकवर उमटणारं पेन काढलं आणि आजच्या चौकोनात सुबक शून्य काढलं. "निराश नाही व्हायचं."

निराश कुणीच नव्हतं.

"कारण अपयश म्हणजे काय?" बाबांनी बोट वर केलं. "तीन मुद्दे लक्षात ठेव. पहिला..."

मुलीचं हसू मावळलं. मग तिनं बाबांकडे नीट पाहिलं, बुटांवरच्या पिशव्यांसकट. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बाबांची थोडी तरी अब्रू राहिली असती.

"आता पुढचं काय ठरवायचं?" बाईंनी विचारलं.

"पन्नास."

"एकदम पन्नास? का गं?"

"खाली बाबा ऐकू येत नाहीत," ती म्हणाली, आणि नाक दाबून खाली गेली.

बाबा तिसऱ्या मुद्द्यावर आले तेव्हा त्यांच्यासमोर नुसते बुडबुडे होते. त्यांनी मुद्दा पूर्ण केला. बाई पाण्यावरची नजर न काढता मोजत होत्या, एकवीस, बावीस.