मूठभर मीठ

म्हस्कूआबांना चैन पडेना. सकाळपासून चौथ्यांदा ते गुडघ्यांवर हात टेकत काचेच्या पेटीसमोर येऊन बसले होते. पेटीत सहा मासे. बोटाएवढे, अंगभर ठिपके आणि तोंडाला मिशा. नात प्रगती त्यांना कोरी म्हणायची. पार दक्षिण अमेरिकेतल्या नदीतली जात, पण स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्या परीक्षेचं सेंटर नाशिकला आलं, तशी दोन दिवसांसाठी ती मासे आजोबांच्या हवाली करून गेली. आईच्या नाही, बापाच्या नाही, आजोबांच्या. मेंढरं विकून रांजणगावच्या या दोन खोल्यांत आल्यापासून आबांच्या हवाली कुणी काही केलंच नव्हतं.

मासे तळाशी वाळू हुंगत फिरायचे. मधेच एखादा सरळ वर उसळायचा, पाण्याबाहेर तोंड काढून गपकन हवा गिळायचा आणि पुन्हा खाली. तो खाली पोचतो न पोचतो तोच दुसरा. प्रत्येक उसळीला आबांचा जीव खालीवर होत होता.

"सुषमा, ह्यांचा जीव घाबरा झालाय बघ."

"मामा, पोरगी फकस्त खायला टाका म्हणलीय," सून भाकरी थापत म्हणाली. "बाकी कशाला हात लावू नका."

हात लावू नका! उभा जन्म ज्यानं नुसत्या नजरेनं जनावराचं दुखणं ओळखलं, त्याला हे शिकवणार. मेंढरू बेचैन दिसलं की आबा त्याला मीठ चाटवत, आणि हे तर एवढंसं जित्राब. सून धुणं घेऊन मोरीत गेली, तसं आबांनी फळीवरच्या डब्यातून मूठभर मीठ काढलं आणि पेटीत सोडलं.

आणि काय सांगावं, तासाभरात गुण आला! उसळ्या थांबल्या. सहाच्या सहा वाळूवर गप पडून राहिले. आबांची कळी खुलली. त्यांनी चहा दोनदा मागून घेतला आणि मीठ घातल्याचं मात्र सुनेला सांगितलं नाही.

चारच्या सुमारास प्रगतीचा फोन आला. "आबा, पेपर बरा गेला. मासे कसे हायेत?"

"एकदम निवांत. वर उसळायचंबी सोडलं त्यांनी."

"सोडलं? आबा, ते हवा घ्यायला वर येतातच. रीतच हाय त्यांची. तुम्ही काय केलंय का?"

न्हाई म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं. कुणाला कळणार होतं? मासे काय, मरतात. पण पोरीनं विश्वासानं सोपवलेले जीव समोर पडले होते, त्यांचे कल्ले भराभरा हलत होते, आणि आबांना आता ते धडधडीत दिसत होतं.

"मीठ घातलं, पोरी."

"किती?"

"मूठभर."

"तुमची मूठ का माझी?"

"माझी."

ती ओरडली नाही, आणि त्यानंच आबांना जास्त लागलं. "ह्यांना मीठ सोसत न्हाई, आबा. निम्मं पाणी काढा. मोरीत मी बादल्या भरून ठेवल्यात, त्यातलं घाला. तांब्यातांब्यानं. एकदम ओतू नका."

आबा पाणी काढू लागले. घाईत बरंचसं फरशीवरच सांडत होतं. सुषमानं दारात उभं राहून सगळं ऐकलं होतं. आता बोलणार, असं वाटून आबांनी मान खाली घातली. तिनं फडकं आणून फरशीवर टाकलं आणि बादल्या उचलून आणल्या. वाळू उठून पाणी गढूळ झालं. आत काही दिसेनासं झालं.

दिवेलागणीला पाणी निवळलं. एक मासा हलला. मग दोन एका दगडाआडून बाहेर आले. आबा बोटांवर मोजू लागले. पाच भरले. पुन्हा मोजले, तरी पाचच. मेंढरं हजार असती तरी त्यांनी तोंडावरून ओळखली असती, पण ह्यांची तोंडं सगळी एकसारखी. कोण मोजला गेला आणि कोण राहिला, काही उमगत नव्हतं.

"मामा, ताट वाढलंय. चला."

"मोजदाद पुरी झाल्याबिगर मी कवा जेवलोय?"

सुषमानं त्यांच्याकडं पाहिलं. मग ताटावर ताट झाकलं, पदर खोचला आणि पेटीच्या पलीकडच्या बाजूला फतकल मारून बसली.

"तिकडनं तुम्ही मोजा, मामा," ती काचेला नाक लावून म्हणाली. "हिकडनं मी मोजती."