शाईची सही

गुलाम रसूल मेसच्या दारात चपला काढून उभा राहिला. आत बायांचं पोळ्या लाटणं चालू होतं. लातूरच्या या गल्लीत क्लासची पोरं दोन्ही वेळा जेवायला यायची. मेस बसम्माची.

"गुरुपादप्पांची लेक तुम्हीच ना? मी नांदेडचा. गिरणीत होतो. आमच्या युनियनच्या जुन्या पुढाऱ्यांची पत्रं जमवून राहिलो. सहीची. तुमच्याकडं त्यांचं काही असलं तर..."

बसम्मानं पिठाचे हात पदराला पुसले. "काय असणार चाचा? भूकंपात घर बसलं. आप्पा त्यातच गेले. एक फोटोसुद्धा न्हाई सापडला. त्यांचं अक्षर कसं होतं, ते बी आता आठवत न्हाई."

गुलाम रसूलनं फाइल उघडली. गुरुपादप्पांचं एकच पत्र त्याला मिळालं होतं, त्यांच्या एका सोबत्याच्या घरून. दुसरं मिळेल या आशेनं तो इथवर आला होता. ते एकुलतं एक पत्र त्यानं तिच्यापुढं धरलं.

बसम्मा उभ्यानंच वाचू लागली. 'शुक्रवारी गेटसभा धरा. कुणी धमकावलं तरी मागं सरू नका. मला यायला उशीर होईल. बसम्मा नुकती चालायला लागली हाय, निघताना माझं धोतर सोडत न्हाई.' खाली निळ्या शाईत तिरकी सही.

ती खालीच बसली. पुन्हा वाचलं. "चाचा, समोर झेरॉक्सवाला हाय. मला एक काढून देता?"

गुलाम रसूल पत्र घेऊन रस्ता ओलांडून गेला. दुकानात नोट्स काढणाऱ्या पोरांची झुंबड होती. प्रत हातात आली तेव्हा तो तिच्याकडं बघतच राहिला. सही काळी, सपाट. त्याच्या फायलीत आजवर एकही झेरॉक्स शिरली नव्हती. कुणी आणून दिली तरी तो परत करायचा.

माघारी येऊन त्यानं एक कागद फायलीत ठेवला, दुसरा तिच्या हातात दिला.

बसम्मानं सहीवरून बोट फिरवलं आणि चमकून वर पाहिलं. "चाचा, चुकून अस्सल दिलंत."

"न्हाई बेटा. बरोबर दिलं."

ती आत वळली आणि बायांना ओरडली, "गॅस बारीक करा गं! समद्या इकडं या. माझ्या आप्पांचं पत्र आलंय!"