थेलीसची दोरी

"बाजूला हो गं बाय. हे जांभळाचं झाड वादळात पडलं तर खिचडीच्या खोलीचं छप्पर जाईल," करवत घेऊन शाळेत आलेले धाकूकाका म्हणाले.

"आधी मोजू तर द्या! थेलीसने सावलीवरून पिरॅमिड मोजला होता."

"कुठला हा? वरच्या वाडीतला?"

"ग्रीक गणितज्ञ, काका!"

मातीत आडवी होऊन मी माझी उंची आखली, मग टाचेच्या रेघेवर उभी राहिले. सावली सरकत सरकत डोक्याच्या रेघेला टेकेपर्यंत थांबले. म्हणजे आता झाडाचीही सावली झाडाएवढीच! मी धावत जाऊन तिच्यावर दोरी ताणली, तेवढीच तोडली आणि खोडापासून खोलीकडे नेली. पोचणारच नाही, माझी पैजच होती.

भिंतीला टेकूनही दोरी दोन हात उरली.

उरलेली मुठीत लपवता आली असती. पण मग मोजलं कशाला? "दोन हात जास्त भरलं, काका," मी सांगून टाकलं आणि झाडाकडे बघितलंच नाही.

काकांनी दोरी बघितली, वर शेंडा बघितला.

"दोनच हात? मग शेंडा तीन हात छाटू, झालं. अख्खं झाड कशाला? ए थेलीस, शिडी धर!"