एक अट सोडून

"म्हंजे त्यानं सगळं कबूल केलं, तरी ह्यांनी लढाई केलीच?" महिपत आबांनी टेबलावर हात आपटला. तक्त्याच्या दोन टाचण्या उडून खाली पडल्या.

"सगळं नाही, आबा. एक अट सोडून जवळजवळ सगळं," चष्मेवाली मुलगी हळूच म्हणाली आणि टाचण्या वेचू लागली.

महाडच्या शाळेत आसपासच्या शाळांचं प्रदर्शन भरलं होतं. आबा आले होते ते नातीचा, माधुरीचा, ज्वालामुखी बघायला. तो काही केल्या पेटेना. माधुरी आणि तिचे सर त्याच्यावर वाकून बसले, तेव्हा आबा कंटाळून शेजारच्या टेबलाशी सरकले. तिथं युरोपचा नकाशा होता, वर लिहिलेलं, 'पहिल्या महायुद्धापूर्वी'. लाल दोऱ्यानं जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली एकत्र बांधलेले. निळ्या दोऱ्यानं फ्रान्स, रशिया, इंग्लंड. "ह्ये काय गो बाय?" आबांनी विचारलं. मुलीनं आधी इकडंतिकडं पाहिलं. जरा घुटमळली. मग सांगू लागली, आणि आबा उभ्या उभ्या रंगून गेले.

त्यांना ते फार लवकर कळलं. कळणारच. पोलादपूरच्या डोंगरावरची साठ उंबऱ्यांची वाडी ते वीस वर्षं हाकत होते. गावकीचे अध्यक्ष! कोण कुणाच्या पाठीशी आणि कोण कुणाला पाण्यात पाहतो, हे त्यांना कुठल्या शाळेत शिकावं लागलं नव्हतं. इंग्लंडच्या राजाचा जर्मनीचा राजा आतेभाऊ आणि रशियाचा राजा मावसभाऊ, हे ऐकून तर ते मोठ्यानं हसले. "मंग ही भावबंदकीच की गो!"

आबांच्या वाडीत सध्या एकच घर गावकीबाहेर होतं, सोमाचं. वाळीत टाकल्यामुळं वाडी सोडून गेलेल्या चुलतभावाच्या लग्नात त्यानं अक्षता टाकल्या, म्हणून त्यालाही वाळीत टाकलं. त्याला तीन वर्षं झाली. कायद्याला हे चालत नाही, म्हणून कागदावर काही नव्हतं. फक्त त्या घराशी कुणी बोलायचं नाही. बोलेल तोही बाहेर. शिमग्याची पालखी त्याच्या अंगणात थांबायची नाही, त्याच्या घरच्या मयताला कुणी खांदा द्यायचा नाही. हे सगळे नियम आबांचेच. उद्या देवळात सभा होती. सोमा पुन्हा हात जोडणार होता आणि आबा पुन्हा नाही म्हणणार होते. एकाला सोडलं की धाक राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. माणसं मेली तरी चालतील, धाक जगला पाहिजे!

"अटींचं परत सांग," आबा म्हणाले.

मुलीनं नकाशावर बोट ठेवलं. ऑस्ट्रियाच्या युवराजाला एका सर्ब पोरानं गोळी घातली. ऑस्ट्रियानं सगळा दोष सर्बियावर ठेवला. दहा अटी पाठवल्या, मुदत दोन दिवसांची. छोटासा देश तो, घाबरला. एक अट सोडून जवळजवळ सगळ्या मानल्या. पण ऑस्ट्रियाला मिटवायचंच नव्हतं. जर्मनीनं आधीच सांगून ठेवलं होतं, तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. मग याच्यासाठी तो उतरला, त्याच्यासाठी हा. लाखो माणसं मेली.

आबांचं टाळकं सरकलं. कानशिलं लाल झाली.

"अरे, माणसं होती का कोण होती? समोरचा हात जोडून उभा हाय, आन् तुमी त्याच्या घराला काडी लावता? आन् बाकीचे काय करत होते? एकाच्याबी तोंडाला जीभ नव्हती?" आजूबाजूचे पालक वळून बघू लागले, तसा आबांचा आवाज आणखी चढला. "ज्याला मिटवायचंच नाय, त्याला निमित्त लय. मी तिथं असतो ना, तर ऑस्ट्रियाच्या त्या म्हाताऱ्या बादशहाला भर सभेत उभं राहून इचारलं असतं. त्यानं तुझं सगळं मानलं, आता अजून काय पायजे तुला? त्याचा जीव?"

कुणीतरी टाळी वाजवली. आबांची छाती फुगली.

"हुशार हायस गो," ते मुलीला म्हणाले. "कुणाची तू?"

मुलीनं हातातली एक टाचणी नकाशात रोवली. एवढ्यात वाडीवरून त्यांच्याबरोबर आलेला नाथू गर्दीतून घाईघाईनं पुढं आला. त्यानं आबांची बाही धरली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आबा, चला. बोलू नका. सोमाची निशा हाय ती."

आबांनी मुलीकडं नीट पाहिलं. वाडीत शाळेच्या वाटेवर तिच्याबरोबर एकही पोर चालेना, म्हणून सोमानं तिला बिरवाडीला मामाकडं धाडली होती. गेली तेव्हा एवढीशी होती, फ्रॉकात. आबांनी तोंड मिटून घेतलं. तीन वर्षांची सवय होती ती.

निशानं शेवटची टाचणी सर्बियावर घट्ट दाबली.

"सर्बियानं एक अट तरी नाकारली होती, आबा. माझ्या बाबांनी तुमची एकही नाय नाकारली. गावकीपुढं नारळ ठेवला, सगळ्या वाडीच्या पाया पडले, सख्ख्या चुलतभावाशी बोलणं तोडलं. उद्या सभा हाय ना? मग भर सभेत इचाराल, अजून काय पायजे?"