चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट

"बाथरूममधला गीझर गॅसचा आहे का रे?" विनयकाकांनी विचारलं.

लॅपटॉपवरचा अनिशचा हात थांबला. "हो काका. जुन्या बिल्डिंगमध्ये तिकडे तसेच असतात."

"आणि खिडकी?"

"आहे की. लहान आहे जरा."

टेक्सासमधल्या शुगर लँड गावात, काकांच्या घरी नुकतंच कीर्तन झालं होतं. पुण्याहून आलेले बुवा दुसरीकडे मुक्कामाला गेले होते, माणसं पांगली होती. सतरंजी अजून उचललेली नव्हती. सगळ्यांना लावलेला बुक्का अनिशच्याही कपाळावर होता. बाहेर लॉनवर घर विकायची पाटी लागली होती. घराचे पैसे आले की काका-काकू बार्सिलोनामधला फ्लॅट घेणार होते. टूरिस्टांना भाड्याने द्यायचा फ्लॅट. समुद्र पायी जाण्याच्या अंतरावर.

अनिश असे फ्लॅट विकायचा. ओळखपाळख नसताना काकांनी आपणहून त्याला फोन केला होता. एका गल्लीचं नाव घेऊन, तिथलं काही असेल तर सांग, म्हणाले होते. किमतीत एक डॉलरही कमी करून मागितला नव्हता. देवानेच गिऱ्हाईक पाठवलं, असं अनिश घरी रुचाला म्हणाला होता.

काका गॅस पाइपलाइनच्या कंपनीतून रिटायर झालेले. इंजिनियर माणूस, विचारणारच, अशी अनिशने स्वतःची समजूत घातली.

तरी काकांचा प्रश्न त्याच्या मनातून जाईना. फ्लॅटच्या मालकाच्या माणसाने त्याला फोनवर सांगून ठेवलं होतं: दोन हिवाळ्यांपूर्वी तिथे उतरलेली एक कॉलेजातली मुलगी गीझरच्या गॅसने गुदमरून गेली. बाथरूममध्येच. प्रकरण मिटलं आहे. गीझर तोच आहे. आपणहून काही बोलू नकोस.

लेऑफनंतर अनिशला मिळालेलं हे एकच काम होतं. रुचाला सातवा लागला होता. हा सौदा मोडला तर सोमवारपासून येऊ नको, असं बॉसने कालच सांगितलं होतं.

काकू शिऱ्याची बशी घेऊन आल्या. "खा आधी. बुवांनी एवढं हसवलं, तू आपला फोन बघत बसला होतास."

"ऑफिसचे मेसेज होते, काकू."

"देवाचा आला असता तर तोही म्यूट केला असतास."

अनिश हसला. मग विषय बदलावा म्हणून म्हणाला, "एवढं घर विकताय. मुलांना विचारलंत ना?"

"विचारायला कोणी नाही," काकू म्हणाल्या.

तो ओशाळला. घाईघाईने त्याने स्क्रीन काकांकडे वळवली. "हे रिटर्न बघा काका. उन्हाळ्यात तर—"

"ते राहू दे. उतरणारी माणसं काय म्हणतात?"

"एकदम खूश. शांत जागा आहे ना. दिवसभर फिरून दमून येतात, आल्याबरोबर गाढ झोपतात."

काकू उठून आत गेल्या. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला आणि बराच वेळ वाहत राहिला.

"सौदा झाला की आधी आम्ही दोघंच तिथे जाऊन राहणार," काका म्हणाले.

अनिशने चटकन वर पाहिलं. "कशाला काका? सांभाळायला मॅनेजर आहे तिकडे."

"तिला राहायचंय एकदा."

बाथरूमचं बंद दार अनिशच्या डोळ्यांसमोर आलं. आत गरम पाण्याची वाफ. बाहेर काकूंची वाट बघत बसलेले काका.

"काका, एक..."

"बोल ना." काकांनी लॅपटॉप अर्धा मिटला. "काय असेल ते बोल. सही व्हायची आहे अजून."

अनिशने बशीकडे पाहिलं. शिरा तसाच होता.

"काही नाही. तिथे पोचलात की प्लंबर बोलवा. सगळं एकदा चेक करून घ्या. जुनी बिल्डिंग आहे."

"गीझरचं काही आहे का?"

"छे, छे. गीझर नवाच आहे."

काका त्याच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. आजारी माणसाकडे बघावं तसे. मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि बोटाने स्क्रीनवर सही केली. काकू पदराला हात पुसत आल्या. चष्मा न लावताच त्यांनी खाली आपली सही केली.

अनिशने श्वास सोडला. "अभिनंदन! सप्टेंबरपर्यंत बुकिंग फुल आहे. पहिल्या महिन्यापासून कमाई सुरू."

"कॅन्सल कर," काका म्हणाले.

"कुठलं बुकिंग?"

"सगळी."

"काका, काय बोलताय? तिकडे ही लायसन्स आता सहज मिळत नाहीत. एकदा गेलं की गेलं. टूरिस्ट नसतील तर त्या फ्लॅटला कोण विचारतो? राहतं घर विकताय तुम्ही!"

"लायसन्स जाऊ दे. गीझर मी माझ्या हाताने काढणार आणि दाराला कुलूप लावणार. तिथे परत कोणी उतरायचं नाही."

अनिशचा आवाज चढला. "मग हाच कशाला घेतलात? मी समुद्रासमोरचे दाखवले होते की. याच्यापेक्षा कितीतरी चांगले!"

काकू त्याच्याजवळ सतरंजीवर बसल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तू खरं सांगितलं असतंस ना बाळा, तरी आम्ही हाच घेतला असता," त्या म्हणाल्या. "त्या बाथरूममध्ये जी गेली, ती आमची लेक."