नवं कोरं कुलूप

"दोन वर्षांत एकही मृत्यू नाही." साहेबांनी रजिस्टर मिटलं. "मग इथे नर्स हवी कशाला?"

सिस्टरने रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं.  साहेब सकाळच्या बोटीने पलीकडच्या किनाऱ्यावरून आले होते. बॅगेत तिच्या बदलीची ऑर्डर, हातात नवं कोरं कुलूप. बेटावरचा एकुलता एक दवाखाना आजपासून बंद. दुपारी भरतीचं पाणी असेपर्यंत तिने त्यांच्याबरोबर निघायचं. दुसरी नर्स येणार नव्हती.

"म्हणजे आम्ही मरायला हवं होतं होय?" बाकावरची आजी म्हणाली. "आधी सांगायचंत की. मी नंबर लावला असता."

"नियम आहे, आजी."

"नियम मलाही पाठ आहेत," सिस्टर म्हणाली. "आलेला शेवटचा पेशंट तपासल्याशिवाय दवाखान्याला कुलूप लावता येत नाही. बसा."

साहेब बसले. एक म्हातारी. किती वेळ लागणार?

म्हातारीचं दुखणं गुडघ्यापासून निघालं ते कानापर्यंत पोचलं. मग तिची सून आली, पोटात कळ घेऊन. मग किराणावाला. मग शाळेतल्या बाई, अख्खी चौथी घेऊन. सगळ्या वर्गाला एकदम खोकला. दोघींना तर खोकण्याआधीच हसू फुटलं. रांग पार विहिरीपर्यंत गेली. सिस्टरने एकालाही हाकललं नाही. प्रत्येकाची जीभ बघितली, प्रत्येकाचं नाव लिहिलं.

साहेब घड्याळ बघत होते. पाणी ओसरलं की बोट वाळूत बसते. मग उद्यापर्यंत हलत नाही.

तरी रांग संपली. पाणी अजून होतं. साहेब कुलूप घेऊन उठले. तपासून झालेली माणसं अजून दारातच उभी होती.

तेवढ्यात बेटावरचा एकमेव बोटवाला आत घुसला. आडदांड गडी. मान चोळत स्टुलावर बसला. बीपी तपासायला सिस्टर चार वर्षं त्याच्या मागे लागली होती. तो म्हणायचा, ते मशीन बघूनच माझं वाढतं. आज स्वतःच बाही वर केली.

"माझंही बघा, सिस्टर. सावकाश बघा."

दारात हशा पिकला.

"तू पण?" साहेब भडकले. "सकाळी मला आणलंस तेव्हा धडधाकट होतास!"

सिस्टरही हसत होती. हसत हसतच तिने पट्टा गुंडाळला, बटण दाबलं. आकडा आला आणि तिचं हसू गेलं. तिने थोडं थांबून पट्टा दुसऱ्या हाताला लावला. पुन्हा बटण दाबलं.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"परवापासून. पण ते सोडा हो, मी तर..."

"गप्प बस."

तिने मशीनचं तोंड साहेबांकडे फिरवलं. "वाचा."

"दोनशे अठरा?" साहेब म्हणाले. "मशीन बिघडलंय."

"आजीला एकशे तीस दाखवलं तेव्हा चांगलं होतं. यालाच दोन्ही हातांना बिघडलं?"

दारात आता कुणी हसत नव्हतं. तिने बोटवाल्याला गोळी दिली, दवाखान्यातल्या एकुलत्या एका खाटेवर झोपवलं.

"सिस्टर, आईशप्पथ, मी नाटकच करायला आलो होतो," तो पुटपुटला.

"माहितीये. झोप."

साहेब कुलूप धरून तसेच उभे. "पण मग मी जाणार कसा?"

"जाणार नाही. याने आज बोट काढली असती, तर भर पाण्यात आडवा झाला असता. आणि बोटीत आपण दोघं." तिने रजिस्टर उघडून बोटवाल्याचं नाव लिहिलं. "दोन वर्षं शून्य मृत्यू म्हणालात ना? ते शून्य असं येतं, साहेब."

मग तिने पेनानेच बाक दाखवला.

"तुम्ही तिथे झोपा. उशी नाहीये. कुलूप घ्या उशाला."