पिल्लापासून आठ घरं

संगणकावरच्या युद्धखेळासाठी तिने रचलेली समुद्रातली राक्षसीण एका फुंकरीत वादळ उठवायची, पण लढायला जायचीच नाही. पटावर आपल्या पिल्लापासून दोन घरांपलीकडे जायचं नाही, हा नियम तिनेच लिहिला होता; त्यामुळे राक्षसीण पिल्लाभोवती घिरट्या घालायची आणि शत्रू निवांत बेटं जिंकायचा. “अगं, ही राक्षसीण आहे की दाई?” खेळ तपासणारा सहकारी हसला. “अंतर वाढव, नाहीतर साहेब हिला काढूनच टाकतील.” तिने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. लेकीचा आज पाळणाघरातला पहिला दिवस. सकाळी पोरीने तिची बाही सोडता सोडली नव्हती. तिने दोनच्या जागी आठ लिहिलं. राक्षसीण सुसाट निघाली, तीन जहाजं बुडाली. मागे पिल्लू खुशाल बुडबुडे सोडत राहिलं. संध्याकाळपर्यंत पाळणाघरातून एकही फोन आला नाही. तिला हायसं वाटलं, आणि जरासा रागही आला.